छत्रपती संभाजीनगर ते नांदेड: अंतर किती, विमानाला वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठवाड्यातली ही दोन मोठी शहरं. दोन्हीकडे विमानतळ आहे, त्यामुळे "विमानानं किती वेळ लागेल?" हा प्रश्न सतत येतो. उत्तरं शक्य तिथे आकड्यांत दिली आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागत असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संभाजीनगर ते नांदेड नेमकं किती किलोमीटर?

"कशानं जाणार?" हे ठरल्याशिवाय याला एकच उत्तर देता येत नाही.

हवाई अंतर, म्हणजे नकाशावर सरळ रेषेत, शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सुमारे २२२ किमी. चिकलठाणा विमानतळ ते नांदेड विमानतळ सुमारे २१५ किमी. हे सात किलोमीटर कमी होतात, कारण चिकलठाणा शहराच्या पूर्वेला, म्हणजे नांदेडच्याच बाजूला आहे. रेल्वेनं साधारण २३६ किमी, आणि रस्त्यानं कोणता मार्ग धरता त्यानुसार २६० ते २८० किमी.

कुणी २१५ सांगितलं आणि कुणी २७०, तरी दोघंही बरोबर असू शकतात.

२. थेट विमान आहे का?

नाही. या दोन शहरांदरम्यान सध्या थेट नियमित प्रवासी विमान नाही. इंटरनेटवर दिसणारी "फ्लाइट टाइम: ४६ मिनिटे" ही ओळ कोणत्याही वेळापत्रकातली नसते. ती कुठून येते ते प्रश्न ३ मध्ये आहे.

३. मग वेबसाइट ४६ मिनिटं कशी दाखवते?

साधा भागाकार आहे. अंतर मोजणाऱ्या बहुतेक साइट सरळ रेषेतल्या अंतराला ताशी ८०० किमीच्या आसपासच्या वेगानं भागतात आणि उड्डाण-उतरण्यासाठी ३० मिनिटं मिळवतात. २१५ भागिले ८०० म्हणजे सोळा मिनिटं, अधिक तीस, झाली ४६. शहराचे मध्यबिंदू धरले तर ४७ येतात.

हे सूत्र दिल्ली-चेन्नईसारख्या लांब अंतराला बऱ्यापैकी जुळतं. दोनशे किलोमीटरला मात्र ते फक्त योगायोगानं जवळ येतं, कारण एवढ्या अंतरात कोणतंही विमान ताशी ८०० चा वेग गाठून तो टिकवत नाही (प्रश्न ६). शिवाय त्या मार्गावर विमान आहे की नाही, हे ती साइट तपासतच नाही. तिला दोन बिंदू दिले की ती आकडा काढून मोकळी. परभणी ते हिंगोली विचारा, तरी ती विमानाचा वेळ सांगेल.

४. हवाई अंतर स्वतः काढता येतं का? कॅलक्युलेटरवर?

येतं, आणि मराठवाड्याएवढ्या भागासाठी शाळेतला पायथागोरस पुरतो.

आधी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्या. चिकलठाणा विमानतळ १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व. नांदेड विमानतळ १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. अक्षांशातला फरक ०.६८ अंश. एक अक्षांश आपल्याकडे ११०.७ किमीचा, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ७५ किमी. रेखांशातला फरक १.९२ अंश. रेखांशाचं अंतर ध्रुवाकडे जाताना कमी होत जातं. आपल्या अक्षांशावर एक अंश सुमारे १०५ किमीचा, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर २०१.६ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: २१५.

बहुतेकांची चूक इथेच होते: रेखांशालाही १११ नं गुणतात. तसं केलं तर उत्तर २२६ येतं, म्हणजे सरळ ११ किमी जास्त. दुसरी चूक अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. १९ अंश ३० मिनिटं म्हणजे १९.३० नव्हे, १९.५०.

५. मला ९५० किमी दाखवतंय. काहीतरी चुकतंय का?

हो, तुम्ही बिहारच्या औरंगाबादपासून मोजताय. जुनं नाव टाइप केलं की यादीत ते औरंगाबादही येतं, आणि तिथून आपलं नांदेड सरळ रेषेत साधारण ९५५ किमी आहे. यादीतून निवडताना राज्य बघा, किंवा नावाऐवजी विमानतळाचा कोड टाका (प्रश्न १४).

ही चूक निदान आकड्यावरून लगेच लक्षात येते. दुसरी जास्त फसवी आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटी नावाची मोठी वसाहत आहे. संभाजीनगरहून तिथलं हवाई अंतर सुमारे २२७ किमी भरतं, म्हणजे आपल्या नांदेडच्या २२२ च्या अगदी जवळ! आकडा बघून कुणालाच शंका येत नाही. गाडी भाड्यानं ठरवताना ॲपमध्ये फक्त "नांदेड" टाकून भागत नाही. नकाशावरची रेघ बघा: ती आग्नेयेकडे, जालन्याच्या दिशेनं जायला हवी. नैर्ऋत्येकडे, अहिल्यानगरच्या दिशेनं गेली तर ते पुणं.

६. समजा थेट विमान सुरू झालं, तर खरोखर किती वेळ लागेल?

हवेतला वेळ ३० ते ४० मिनिटं, आणि तिकिटावर ५० ते ५५ मिनिटं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत येणं सगळं धरलेलं असतं, वर कंपनी थोडी सवडही ठेवते.

एटीआर ७२ हे दोन पंख्यांचं, सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसनांचं विमान अशा मार्गांवर वापरतात. त्याचा वरच्या पातळीवरचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. चढताना आणि उतरताना वेग कमी असल्यानं २१५ किमीला सरासरी चारशेच्या आतच पडते. म्हणजे ३३-३५ मिनिटं, आणि धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळण घेण्याची चार-पाच मिनिटं वेगळी.

"जेट असेल तर अर्ध्या वेळात पोचेल" असं वाटतं, पण तसं होत नाही. उतरण्याचा ढोबळ हिशेब असा: दर हजार फुटांना तीन सागरी मैल (प्रश्न १५). तीस हजार फुटांवरून खाली यायला ९० सागरी मैल लागतात आणि इथे सगळा प्रवासच ११६ सागरी मैलांचा आहे. चढायला उरतात २६. म्हणून जेटलाही अठरा-वीस हजार फुटांपर्यंतच जाऊन लगेच उतरणीला लागावं लागतं. जेट पाच-सात मिनिटं वाचवतं, पण एवढ्या खाली ते इंधन जास्त खातं. दोनशे किलोमीटरचे मार्ग विमान कंपन्यांना का आवडत नाहीत, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

पडताळा हवा असेल तर प्रत्यक्ष चाललेल्या मार्गांकडे बघा. संभाजीनगर-मुंबई हवाई अंतर सुमारे २८० किमी, तरी तिकिटावर तास ते सव्वा तास असतो, कारण मुंबईत आकाशात आणि जमिनीवर दोन्हीकडे गर्दी. नांदेड-हैदराबाद सुमारे २४५ किमी, तिथेही वेळ तासाच्या आसपास.

७. जाताना आणि येताना वेळ सारखाच लागतो का?

लांबच्या मार्गावर वाऱ्यामुळे फरक पडतो. इथे वाऱ्यापेक्षा धावपट्टीची दिशा महत्त्वाची.

चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम, ०९/२७. नांदेडची जवळजवळ तशीच, १०/२८. हे आकडे दिशेचे अंश दहानं भागून येतात. संभाजीनगरहून नांदेडची दिशा सुमारे ११० अंश. म्हणजे वारा पूर्वेचा असेल तर विमान पूर्वेला उडेल, जेमतेम वळेल आणि जवळपास सरळच नांदेडला उतरेल. पावसाळ्यात जमिनीलगतचा वारा पश्चिमेचा असतो आणि विमान वाऱ्याच्या समोरून उडतं-उतरतं. मग आधी पश्चिमेला, शहरावर उडायचं, पूर्ण वळून पूर्वेला यायचं आणि नांदेडला पलीकडून वळसा घालून पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. दोन्हीकडचे वळसे मिळून दहा मिनिटं सहज जातात. परतीच्या प्रवासात हेच उलट: पावसाळ्यात सरळ, पूर्वेचा वारा असताना वळशाचा.

८. हैदराबाद किंवा मुंबईमार्गे विमानानं गेलं तर?

तिकीट मिळू शकतं, पण हिशेब बघा. संभाजीनगर-हैदराबाद ४३२ किमी, हैदराबाद-नांदेड २४५ किमी. एकूण ६७७, थेट अंतराच्या तिपटीहून जास्त. मुंबईमार्गे तर उलट्या दिशेनं जाऊन परत यायचं: २८० अधिक ४६७, जवळपास ७५० किमी.

वेळ असा जातो: घरून विमानतळ आणि तिथली आधीची हजेरी मिळून दोन तास, पहिलं विमान सव्वा तास, मध्ये थांबा किमान दोन-तीन तास, दुसरं विमान एक तास, सामान घेऊन घरी पोचायला पाऊण तास. सात-आठ तास झाले. तेवढ्यात लाल परीही नांदेडला पोचते.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन विमानं दोन कंपन्यांची असतील आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. सामान हैदराबादला स्वतः उचलायचं, बाहेर यायचं आणि पुन्हा काउंटरवर जमा करायचं. देशांतर्गत विमानाचे सामानाचे काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतात. म्हणून वेगळ्या तिकिटांवर मध्ये तीन तासांपेक्षा कमी ठेवू नका. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर मात्र पुढचं विमान चुकल्यास पर्यायी व्यवस्था कंपनीची जबाबदारी असते.

हा मार्ग एकाच परिस्थितीत पटतो: हैदराबादला तसंही काम आहे आणि ते उरकून पुढे जायचंय.

९. मग सगळ्यात लवकर कसं पोचता येईल?

रेल्वेनं. वंदे भारत मुंबई-जालना अशी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढली. संभाजीनगर ते नांदेड तिला साधारण सव्वातीन ते पावणेचार तास लागतात. ती आठवड्यातून सहा दिवस असते. नांदेडहून पहाटे निघते आणि मुंबईहून परतताना संध्याकाळी संभाजीनगरला येते. त्यामुळे नांदेडकरांना संभाजीनगरचं दिवसाचं काम करून त्याच गाडीनं परतता येतं, पण संभाजीनगरकरांना नांदेडला तसं जाता येत नाही. त्यांच्यासाठी देवगिरी (पहाटे संभाजीनगर, सकाळी नांदेड) किंवा दुपारची तपोवन. या गाड्यांना चार ते साडेचार तास धरा.

आता काल्पनिक थेट विमानाशी तुलना करू. घर ते चिकलठाणा अर्धा तास, हजेरी दीड तास आधी, विमान ५५ मिनिटं, सामान २० मिनिटं, नांदेड विमानतळ ते घर २० मिनिटं. एकूण साडेतीन तासांच्या थोडं वर. वंदे भारतनं स्टेशनला जाण्या-येण्यासह सव्वाचार. म्हणजे वाचली पाऊण तासाची वेळ. तेवढ्यासाठी कितीजण जास्तीचे पैसे मोजतील, असा विचार विमान कंपनीही करते.

रेल्वेतला उशीर बहुधा परभणी ते संभाजीनगर या पट्ट्यात होतो. परभणी-मुदखेड दुहेरी मार्ग झाला, पण परभणी-संभाजीनगर हे १७७ किमी बराचसा एकेरी आहे. समोरून गाडी आली की कुठल्यातरी स्टेशनात क्रॉसिंगला थांबायचं. दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. ते पूर्ण होईपर्यंत पुढचं काम ठरवताना अर्ध्या तासाची सवड ठेवा.

१०. रेल्वे रस्त्यापेक्षा जवळची कशी?

सपाटीमुळे. लोहमार्ग जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा दुधना-पूर्णा-गोदावरीच्या खोऱ्यातून जातो. घाट नाही, मोठे वळसे नाहीत. हवाई अंतरापेक्षा तो जेमतेम सहा टक्के जास्त. रस्ता गावं जोडत जातो, म्हणून वीस-पंचवीस टक्के जास्त. मराठवाड्यात कुठेही रस्त्याचं अंतर अंदाजे हवं असेल, तर हवाई अंतराला सव्वानं गुणा. बहुतेक वेळा जवळपास बसतं.

गाडीनं जायचे नेहमीचे मार्ग दोन: जालना-मंठा-जिंतूर-औंढा नागनाथ-वसमत-नांदेड, किंवा जालन्याहून परभणीमार्गे वसमत. वेळ पाच ते सहा तास, एसटीला सहा-सात. जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग, म्हणजे समृद्धीला जोडणारा सुमारे १८० किमीचा रस्ता, झाला की हा हिशेब बदलेल. ॲपमध्ये तो आत्ताच दिसला तर ती नियोजित रेघ आहे, वाहनासाठी खुला रस्ता नाही.

११. आम्ही जालना / परभणी / हिंगोलीचे. आम्हाला कोणता विमानतळ सोयीचा?

जालनेकरांना चिकलठाणा, यात वाद नाही. विमानतळ जालना रोडवरच आहे, संभाजीनगरच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. परभणी आणि हिंगोलीकरांना अंतरानं नांदेड जवळ. पण जवळचा विमानतळ बघण्याआधी तुम्हाला हव्या गावाचं विमान हव्या दिवशी तिथून आहे का ते बघा. नांदेडच्या सेवा कमी असतात आणि त्या बदलत राहतात. सेलू-परतूरकर दोन्हींच्या अधेमधे आहेत. त्यांनी तिकीट बघून ठरवावं.

१२. लातूरहून नांदेड किंवा संभाजीनगर विमानानं किती?

लातूर-नांदेड विमानतळ ते विमानतळ सुमारे १२४ किमी, लातूर-संभाजीनगर सुमारे १९६ किमी. पण लातूर आणि धाराशिवला धावपट्टी असली, तरी नियमित प्रवासी विमान सध्या नाही. त्यामुळे हे आकडे फक्त माहितीपुरते.

लातूर-नांदेडला रेल्वेच्या भरवशावर राहू नका. थेट लोहमार्ग नाही. लातूर रोड, परळी, परभणी असा दोनशेच्या वर किलोमीटरचा फेरा पडतो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ नं अहमदपूर-लोहामार्गे साधारण १४० किमी आहे. इथे रस्ताच जिंकतो, म्हणजे प्रश्न १० च्या बरोबर उलट.

१३. चार्टर विमान किंवा हेलिकॉप्टरनं किती वेळ?

सहा-आठ आसनी छोट्या टर्बोप्रॉपला (पंख्याच्या विमानाला) ३५ मिनिटांच्या आसपास, हेलिकॉप्टरला तासभर (वेग ताशी २३० ते २५० किमी). निवडणुकीच्या दिवसांत आकाशात जी ये-जा दिसते ती हीच.

भाडं विचारताना एक गोष्ट विसरू नका: विमान इथे उभं नसतं. ते मुंबई, पुणे किंवा हैदराबादहून रिकामं येतं आणि तुम्हाला सोडून रिकामं परत जातं. त्या उड्डाणांचे पैसेही तुमच्याच बिलात लागतात, म्हणून ३५ मिनिटांच्या प्रवासाला तीन-चार तासांचं बिल येतं. शिवाय दोन्ही विमानतळांची कामकाजाची वेळ आधी विचारून घ्या. छोटा विमानतळ चोवीस तास चालू असेलच असं नाही.

१४. तिकिटाच्या साइटवर "छत्रपती संभाजीनगर" सापडत नाही. काय टाकू?

"औरंगाबाद" टाकून बघा किंवा सरळ आयएक्सयू हा कोड टाका. नांदेडचा कोड एनडीसी. शहराचं नाव बदललं तरी विमानतळाचा तीन अक्षरी कोड तोच आहे. रेल्वेत मात्र नावाबरोबर कोडही बदलला: २०२५ मध्ये स्टेशन छत्रपती संभाजीनगर झालं आणि एडब्ल्यूबीच्या जागी सीपीएसएन आलं. नांदेडचं रेल्वेतलं नाव "हुजूर साहिब नांदेड", कोड एनईडी. एनडीसी आणि एनईडी यांची अदलाबदल करू नका.

१५. एका ठिकाणी १३४ लिहिलंय, दुसरीकडे ११६. अंतर एवढं कमी कसं?

एकक बघा. २१५ किमी म्हणजे १३४ मैल आणि ११६ सागरी मैल. वैमानिक आणि हवाई नकाशे सागरी मैल वापरतात (१.८५२ किमी).

१६. दोन्ही शहरांच्या वेळेत फरक आहे का?

घड्याळात नाही. सूर्यात आहे: नांदेड जवळपास दोन रेखांश पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य साधारण आठ मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. उपवास सोडण्याच्या किंवा इफ्तारच्या वेळा मोजणाऱ्यांना हा फरक महत्त्वाचा.

१७. "संभाजीनगर-नांदेड विमान लवकरच" अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली. खरी कशी ओळखायची?

मंजुरी, घोषणा आणि प्रत्यक्ष विमान या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. उडान योजनेत (छोट्या शहरांना विमानानं जोडण्याची केंद्राची योजना) एखादा मार्ग कंपनीला मिळाला म्हणजे विमान सुरू झालं असं नाही. नांदेड-हैदराबाद हा याच योजनेतल्या सुरुवातीच्या मार्गांपैकी एक. २७ एप्रिल २०१७ ला त्याचा प्रारंभ झाला, पुढे ती सेवा बंद पडली आणि मग दुसऱ्या कंपनीनं तो मार्ग घेतला. सुरू झालेली सेवाही टिकतेच असं नाही.

तपासायचं असं: कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आयएक्सयू-एनडीसी टाका आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांतल्या तारखा बघा. थेट विमान, त्याचा क्रमांक आणि भाडं दिसलं तरच खरं. विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. नवे मार्ग बहुधा त्याच सुमारास येतात आणि जुने त्याच सुमारास गायब होतात. त्या दोन तारखांच्या पलीकडचं तिकीट काढलं असेल, तर आठवडाभर आधी वेळ पुन्हा बघून घ्या.